पापुद्र्याचे तीस गुण

नऊ दिवसांत एक्केचाळीस पाव खाल्ले मी. पुरते नाही, चार-चार घास. पण चौसष्टाव्या वर्षी चार घासही पोटात विटेसारखे बसतात. डॉक्टरीणबाईंनी साखर बघितली आणि म्हणाल्या, "थोमताई, पाव बंद." मी म्हटलं, "बाई, वीस वर्षं पावावरच तर पोट भरतेय." त्या हसल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही.

सायगावात रस्त्यावरच्या खाण्याबद्दल मी दर आठवड्याला पेपरात लिहिते. कुठला पाव खरा आणि कुठला नुसता देखावा, हे लोक मला विचारतात. म्हणून आमच्या वॉर्ड ऑफिसनं फुटपाथ मोकळे करायचं ठरवलं, तेव्हा त्यांना मीच आठवले. मंडईमागच्या नव्या शेडमध्ये बान मीच्या, म्हणजे सारण भरलेल्या पावाच्या, आठ गाड्यांना जागा, दहा वर्षांसाठी. बाकीच्यांनी घरी बसायचं. ऑफिसातला त्रुक म्हणून एक गुळगुळीत माणूस माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही गुण द्या म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही." म्हणजे शिव्या मी खायच्या. माझी अक्कल गहाण पडली होती, हो म्हटलं.

एक्केचाळिसातून नऊ गाड्या उरल्या. आता कुणी विचारलं, सगळ्यात चांगला कुठला, तर खरं सांगते, मला सगळ्यांचाच वीट आलाय. पण गुण द्यायचे तर द्यायचे. पहिला नंबर आपल्या सायगावी पावाचा: कलेजीचा लेप, डुकराच्या मांसाची उकडलेली वळी, आंबट मुळा-गाजर, कोथिंबीर, मिरची. त्याला मागं टाकायचं म्हणजे आईला मावशी म्हणायचं. दुसरा भाजलेल्या डुकराचा, कातडी दाताखाली फुटते तो. तिसरा दालातचा, खिम्याच्या गोळ्यांच्या रश्शात बुडवून खायचा. थंडीतल्या लोकांचं खाणं, आपल्या उकाड्यात घाम काढतं, पण चव आहे. चौथा अंड्याचा, गरम तव्यावर फोडून घातलेला, साधा पण कधी न फसणारा. होई आनचा पाव मला आवडत नाही. त्यात इतक्या गोष्टी कोंबतात की लग्नाच्या पंगतीत सगळे पदार्थ एका ताटलीत ओतल्यासारखं वाटतं. पण लोक जीव टाकतात, म्हणून पाचवा. हाय फोंगचा बोटाएवढा तिखट पाव सहावा. दोन खाल्ले तर भूक लागते, दहा खाल्ले तर पोट बिघडतं. सातवा सार्डिनचा, डबा फोडून टोमॅटोत परतलेला, गरिबाचा पण इमानी. आठव्यावर मी खुआंगला धरलं होतं. तो समुद्रकाठच्या न्या त्रांगचा, पावात माशाच्या वड्या घालतो. बिचारा स्वतः पहाटे मासे कुटतो. परवा माझ्यासमोर हात पुसत म्हणाला, "मावशी, बायको रोज विचारते, जागेचं होईल ना. मी सांगतो, होईल."

आणि नववी न्यान.

न्यान वाफवलेला पाव विकते. कालचा शिळा पाव कापायचा, वाफेवर मऊ करायचा, वर परतलेला खिमा, कांद्याच्या पातीचं तेल, शेंगदाण्याचा कूट. मग तांदळाच्या पातळ पापडात पाल्याबरोबर गुंडाळून माशाच्या आंबटगोड पाण्यात बुडवायचा. आम्ही एका गल्लीत वाढलो. सोळा-सतरा वर्षांच्या होतो तेव्हा रेशनवर पाव मिळायचा, कसल्या कसल्या पिठाचा, दगडासारखा. न्यानची आई तो वाफवायची आणि आमच्या घरी वाटीभर पाठवायची. वर खिमा नसायचा, नुसतं मीठ आणि पात. माझ्या धाकट्या भावानं त्यावरच दिवस काढले.

माझा मात्र त्या मऊ पावावर राग बसला. रोज तेच, ओलसर, लिबलिबीत. मनात एकच असायचं, कधीतरी दाताखाली कुरकुरणारा पाव मिळावा. म्हणून पुढं पेपरासाठी गुणांचा तक्ता केला तेव्हा शंभरातले तीस मी पापुद्र्याला ठेवले. पापुद्रा कडक हवा, तुटताना आवाज यायला हवा, चुरा पडायला हवा. माझ्या तक्त्याची सगळ्यांनी वाहवा केली. वाफवलेल्या पावाला त्यात शून्य मिळणार हे मला तेव्हाच कळत होतं. पण तेव्हा न्यानच्या जागेचा प्रश्न नव्हता.

आता होता. बाकी सगळ्यात भरभरून दिले तरी न्यान अठ्ठावन्नावर अडत होती आणि खुआंग सहासष्टावर उभा होता. त्रुकला काल पाचपर्यंत आकडे हवे होते. न्यानकडे जाऊन खाणं तेवढं राहिलं होतं. मुद्दामच राहिलं होतं, लपवून काय करू. खाऊन खोटं लिहायला माझा हात धजत नाही; न खाता धजला. खुआंगला जेमतेम मागं टाकणारी नऊ-दहा गुणांची लबाडी लोकांच्या डोळ्यांत येते, म्हणून सरळ तीसच्या तीस लिहिले. पापुद्रा: तीसपैकी तीस. न्यान अठ्ठ्याऐंशी, चौथी. खुआंग नववा. कागद देऊन आले आणि वाटलं, चला, एक ओझं उतरलं. गल्लीतल्या वाटीचं फेडलं.

फेडून झालं तरी खायला जायला हवंच होतं, नाहीतर कुणी विचारलं असतं. आणि न्यानचा निरोपही आला होता: "सकाळी सहाला ये, कुणी यायच्या आत."

हे मला खटकलं. गाड्यावाले माझ्यासमोर हात जोडतात, पण सकाळची भवानी कुणी माझ्या हातची घेत नाही. मी चार घास खाऊन पाव टाकून देते. पहिल्याच गिऱ्हाइकानं पाव टाकला की दिवस गेला. माझा पायगुण वाईट म्हणून सगळ्या शहरात बोभाटा आहे. "मावशी, आठनंतर या हं," असं सगळेच गोड बोलून सांगतात. एकदा मी चुकून लवकर गेले, तर एका बाईनं माझ्या पाठीमागं लगेच अपशकुन जाळायला कागद पेटवून गाडीखालून फिरवला. मला वळून बघायचाही कंटाळा आला. न्यान या धंद्यात चाळीस वर्षं आहे, तिला हे ठाऊक नसेल होय? वाटलं, म्हातारी झाली, विसरली.

सहाला गेले. गल्लीच्या तोंडाशी तिची गाडी, वाफेचं भांडं चढलेलं, दोन बुटकी स्टुलं. न्यान एका स्टुलावर पाय लांब करून बसली होती. पिंढऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या आल्या होत्या.

"बस," ती म्हणाली. "भवानी तुझी."

"वेड लागलंय का तुला? कुणीतरी येऊ दे आधी. मी थांबते."

"कुणी येत नाही साडेसातपर्यंत. आणि आलं तरी तुझीच घ्यायची आहे." ती उठली, एक हात गुडघ्यावर आणि एक गाडीच्या कडेवर ठेवून. उठायला तिला बराच वेळ लागला. तिनं झाकण काढलं, पावाचे तुकडे बशीत काढले, वरून खिमा आणि पात घातली. "खा. आणि निम्मा टाकून दे. नेहमी टाकतेस तसा."

मी बशी हातात घेतली, पण मला काही उमगेना. "न्यान, काय चाललंय तुझं?"

"तू शून्य दे मला," ती म्हणाली. "पापुद्र्याला. तुझ्या तक्त्यात आहे ना ते? मी वाचलाय, क्वेननं फोनवर दाखवला. त्यात मी नापास होते. बरं झालं."

क्वेन म्हणजे तिची सून. मी घास तोंडात घातला. पाव मऊ होता, गरम होता. जिभेवर ठेवताच मला भावाची आठवण आली. रडू आलं म्हणेन तर खोटं होईल; नऊ दिवसांनी एक घास आपणहून गिळला गेला, एवढंच.

"का गं?" मी विचारलं.

"का म्हणजे? माझे पाय बघ." तिनं पँट आणखी वर केली. "चारला उठायचं, पाव आणायचा, खिमा, पात, पाला. अकरापर्यंत उभं. मग धुणं. चाळीस वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो, बसा. मी म्हणते, कोण बसू देतंय."

"विन्हला सांग ना. मुलगा आहे तुझा."

"विन्हला?" ती जराशी हसली. "तो आयत्या बिळावरचा नागोबा. दोन वर्षं झाली कारखाना बंद पडून. सकाळी कॉफी पितो आणि मला म्हणतो, आई, तुझी गाडी आहे तोवर आपल्याला कशाची चिंता. रागावून बघितलं, जेवण वाढायचं बंद करून बघितलं. क्वेन रडते, लहान पोरं बघत बसतात, मग मीच वाढते. मी आपणहून गाडी बंद केली तर मी आळशी आई. वॉर्डानं बंद केली तर कुणाचा दोष? तुझा."

"माझा?"

"तुझाच. तुला शिव्यांची सवय आहे. माझ्यासाठी चार जास्त खा." तिनं माझ्या बशीत आणखी खिमा घातला. "गेल्या आठवड्यात त्याला एका गोदामात कामाला बोलावणं आलंय. पगार बरा आहे. तो म्हणाला, निकाल लागू दे, मग ठरवतो. आज नऊला निकाल. जागा गेली की झक मारत जाईल. म्हणून म्हटलं, तुझ्या हातची भवानीही होऊन जाऊ दे. तुझ्या पायगुणावर माझा विश्वास आहे, बये. इतकी वर्षं लोकांचे दिवस बुडवलेस, माझा एक बुडव."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नऊला तीन तास होते. त्रुकला फोन केला असता, चूक झाली म्हटलं असतं, खुआंगची जागा त्याला मिळाली असती आणि माझं नाव थोडं काळं झालं असतं. काळं झालेलं नाव घेऊन जगतात लोक. पण न्यान इतकी निवांत बसली होती, पाय लांब करून, की मला तोंड उघडवेना. भित्री आहे मी. पेपरात वाघीण आणि स्टुलावर शेळी. मनात म्हटलं, खाऊन झालं की सांगते. मग हात धुतले की सांगते. मी सावकाश खात राहिले आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा बशी रिकामी केली.

ते बघून न्यानच्या कपाळाला आठी पडली. "टाकला का नाहीस?"

"चांगला होता."

"चांगला असायला काय झालं. मी तुला टाक म्हटलं होतं."

"न्यान," मी म्हटलं, "मला तुला काहीतरी—"

एवढ्यात स्कूटरचा हॉर्न वाजला. विन्ह होता, केस न विंचरलेले, हातात फोन. नऊला यायची यादी वॉर्डानं साडेसहालाच टाकली होती. कामं उशिरा करणाऱ्या त्या माणसांना आजच लवकर जाग आली होती.

"आई, चौथा नंबर," तो म्हणाला. "एक्केचाळीस गाड्यांत चौथा. दहा वर्षं पक्की." मग मला बघून त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला. "मावशी, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पापुद्र्याला तीसपैकी तीस, वाचून मी तीनदा डोळे चोळले."

न्याननं माझ्याकडे बघितलं नाही. ती मुलाला म्हणाली, "गोदामात कधी जायचंय तुला?"

"आता कशाला? आत्ताच फोन करून कळवलं, येत नाही म्हणून. शेडमध्ये दोन टेबलं टाकू आपण. मी गल्ल्यावर बसेन." तो खूप खूश होता. वाईट मुलगा नाही तो. खूश झाला की लहानपणीसारखाच दिसतो. क्वेनला सांगतो म्हणाला आणि स्कूटर वळवून गेला.

आम्ही दोघी राहिलो. वाफेचं झाकण खडखडत होतं.

"कधी लिहिलेस?" न्याननं विचारलं.

"काल."

"न खाता?"

"न खाता. मला वाटलं, तुला जागा हवी असेल."

"विचारलंस का?"

"नाही."

तिनं मान हलवली. मी म्हटलं, मी आत्ता जाते, त्रुकला खरं सांगते, नाव गेलं तर गेलं. ती म्हणाली, "जा. खुआंगसाठी जा, त्याची बायको वाट बघते. जागा त्याला दे. पण गोदामवाला आता विन्हला पुन्हा बोलावणार नाही. शेड नसली तर मी गल्लोगल्ली टोपली घेऊन फिरेन, एवढाच फरक." तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती दमलेली होती.

तेवढ्यात यादी वाचून लोक यायला लागले. आधी शाळेची दोन पोरं, मग एक पोस्टमन, मग ऑफिसातल्या तिघी-चौघी, ज्यांनी वाफवलेला पाव आयुष्यात खाल्ला नसेल. सात वाजता गल्लीच्या तोंडाशी कधी नव्हे ती रांग लागली. न्यान गाडीची कड धरून उठली, पदर कमरेला बांधावा तसा एप्रन आवळला आणि भांड्यात पाव रचायला लागली. मी तिची बशी विसळून ठेवली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "थोम, दहा वर्षांनी मी किती वर्षांची असेन गं?"

"चौऱ्याहत्तर," मी म्हटलं.

"चौऱ्याहत्तर," ती स्वतःशी म्हणाली. मग तिनं रांगेतल्या पहिल्या पोराला विचारलं, तिखट घालू का.