ऑक्टोबरच्या भेगा

फिलिबेर्तोने बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं आणि कान लावला. दार वाजवून आतून कुणी ओ देतंय का याची वाट पाहावी तसा तो थांबला. मग दोन पावलं सरकला, पुन्हा टकटक.

"इथं बरी आहे. इथंही बरीच म्हणायची."

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आवाज बदलला. रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा आला. ओर्लिंडाने तो ऐकला, आणि न ऐकल्यासारखं केलं.

"वरून एक हात मारून भागेल ना?" तिने विचारलं. "शनिवारी टेक्सासची माणसं पुन्हा येतायत. घर त्यांना आवडलंय. फक्त बाहेरचा गिलावा नीट करून द्या म्हणालीत."

फिलिबेर्तोने खिडकीखाली पुन्हा एकदा टकटक केलं. न्यू मेक्सिकोच्या या खोऱ्यात गिलाव्याची कामं घेऊन त्याला तीस वर्षं झाली होती. गिऱ्हाइकाला काय ऐकायचं आहे, ते त्याला भिंतीच्या आधी कळायचं.

नऊ वर्षांपूर्वी ओर्लिंडा आजारी वडिलांपाशी दोन महिन्यांसाठी म्हणून आली होती. या फेब्रुवारीत ते गेले. अल्बुकर्की शहरातल्या वाचनालयातली नोकरी त्या लोकांनी तिच्यासाठी एकदा धरून ठेवली होती. दुसऱ्यांदा धरणार नव्हते. एक ऑगस्टला हजर व्हायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरची एक खोलीही तिने पाहून ठेवली होती. त्या खोलीच्या भिंती कशाच्या आहेत हे विचारायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं, आणि त्याचाच तिला आनंद झाला होता. हे घर विकलं गेलं की ती मोकळी होणार होती.

या गावात मातीच्या विटा पुरुषांनी रचायच्या आणि भिंत बायकांनी लिंपायची, अशीच रीत होती. दर मे महिन्यात शेजारणी माती आणि पेंढा कालवून यायच्या, तळहाताने भिंत सारवायच्या. ओर्लिंडाची आई गेली त्या वर्षीही त्या आल्या. अंगणात उभ्या राहून त्यांनी बारा वर्षांच्या ओर्लिंडाकडे पाहिलं. मग बादली तिच्यापुढे ठेवली. पुढच्याच आठवड्यात वडिलांनी शहरातून सिमेंट आणि तारेची जाळी आणली.

"माझी पोर चिखलात हात घालणार नाही," ते म्हणाले. "ती शिकेल."

सिमेंटचा गिलावा झालेलं हे गावातलं पहिलं घर. घोड्याच्या पाठीवर थोपटावं तसे ते येता-जाता भिंतीवर थोपटायचे. आणि दर ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आधी, घराला फेरी घालून प्रत्येक भेग बुजवायचे. पाणी आत जाता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पाय गेल्यावर ते खुर्चीत बसून काठीने दाखवायचे आणि ओर्लिंडा गुडघे टेकून नळीतलं रबर भेगेत भरायची. "तिथं. खाली. राहिली बघ." बाकी तिच्या रश्श्यात मिरची कमी असायची, कॉफी पातळ असायची, औषध उशिरा यायचं. या एका कामात मात्र त्यांनी तिला कधी नाव ठेवलं नाही.

"बाई," फिलिबेर्तो अखेर म्हणाला, "खरं सांगू की खोटं?"

"दोन्हीत फरक काय?"

"खोटं शुक्रवारपर्यंत होतं. नवा थर चढवतो, रंग त्यातच कालवून. शनिवारी भिंत नवरीसारखी दिसेल."

"आणि खरं?"

"खऱ्याला तिया बेर्साबेला बोलवावं लागेल."

"मला बोलावल्याशिवाय मी कुणाच्या भानगडीत पडत नाही," कुंपणापलीकडून बेर्साबे म्हणाली. ब्याऐंशी वर्षांची ती शेजारीण, सगळ्या गावाची तिया, म्हणजे मावशी. गेला अर्धा तास ती राजमा निवडत फिलिबेर्तोला कुठे टकटक करायची ते सांगत होती. आता काठी टेकत अलीकडे आली. "काय रे, तुझे कान गेले काय? त्या खिडकीखाली फोड."

त्याने छिन्नीने ताटलीएवढा तुकडा उडवला. गंजलेली जाळी, तिच्यामागे कुजका काळा कागद. बेर्साबेने त्याच्या पट्ट्यातला लांब स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला आणि भिंतीत खुपसला. मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हा त्यावर ओला, काळपट चिखल होता.

सात आठवडे पाऊस नव्हता.

"हे पाणी कुठलं?" ओर्लिंडाने विचारलं.

"जमिनीतलं. चढतंच ते," फिलिबेर्तो म्हणाला. "नुसती माती असती तर उन्हानं ओढून घेतलं असतं. सिमेंट बाहेर पडू देत नाही. भेगा असत्या तरी थोडंफार निघून गेलं असतं, पण..." त्याने भेगेवरच्या रबरावरून अंगठा फिरवला. "कुणी भरल्यात? काम सुबक आहे."

"मी."

फिलिबेर्तोने टोपी काढून पुन्हा घातली.

"मी तुझ्या बापाला सांगितलं होतं," बेर्साबे म्हणाली. "म्हणाला, बेर्साबे, तुला दुसऱ्याच्या चिखलात हात बुडवायची खाजच आहे. वर आणि तुझी शाळेतली बक्षिसं दाखवत बसला मला. सगळी."

ओर्लिंडा आत गेली. स्वयंपाकघरातल्या खिडकीखालचं बाक तिने ओढलं. मागे रंगाचे पोपडे सुटले होते आणि जमिनीवर मातीची बारीक रास पडली होती. ती रास तिने मार्चमध्ये झाडून काढली होती, मेमध्येही. शेवटी बाकच तिथे सरकवलं होतं. टेक्सासहून घर पाहायला आलेल्या पोरसवदा बाईने याच बाकावर बाळाला बसवलं होतं. पाळणा इथेच ठेवू, ऊब राहील, असं नवऱ्याला म्हणाली होती. भिंतीवर हात ठेवून म्हणाली होती, किती भक्कम आहे.

ओर्लिंडा दारात आली. "नवा थर दिला तर किती दिवस उभी राहील?"

"एक हिवाळा काढेल. दोन काढेल. तिसऱ्याचं मला विचारू नका."

"आणि खरं करायचं तर?"

"सिमेंट सगळं उतरवायचं. भिंत वाळू द्यायची. खालच्या विटा थोड्याथोड्या काढून नव्या बसवायच्या. दोन उन्हाळे. विटा मी लावीन." त्याने दोन्ही हात वर केले. "लिंपायचं माझं काम नाही."

"माझ्यानं आता बादली उचलवत नाही," बेर्साबे म्हणाली. "मी बसून सांगेन. तू कर, पोरी."

ओर्लिंडाने दारातूनच फोन लावला. टेक्सासच्या बाईला शनिवारी येऊ नका म्हणून सांगितलं आणि का तेही सांगितलं. पलीकडे बाळ रडत होतं, त्यामुळे तिला ते दोनदा सांगावं लागलं. वाचनालयाचा क्रमांक तिने काढला, पाहिला, आणि फोन खिशात टाकला. तिथे उद्या सांगितलं तरी चाललं असतं. उत्तर काही बदलणार नव्हतं.

मग तिने फिलिबेर्तोकडून छिन्नी मागून घेतली आणि भिंतीपाशी गुडघे टेकले. गेल्या ऑक्टोबरातली भेग तिला न शोधता सापडली. रबराचं टोक उचकटून ओढलं तशी सबंध पट्टी सुतळीसारखी निघून हातात आली. ती कुठे टाकावी हे तिला कळेना. तिने ती गुंडाळून खिशात, फोनपाशी ठेवली.

बेर्साबेने दारामागची वडिलांची खुर्ची अंगणात ओढून घेतली होती. ती तिच्यात नीट टेकून बसली आणि काठी उचलून भिंतीकडे रोखली.

"तिथं," ती म्हणाली. "खाली. राहिली बघ."