लुईझाने धुतलेली सायकल

ऑस्टिनचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा लुईझानेच हट्टाने त्याला डोंगरात चालवायची सायकल घ्यायला लावली. तेव्हापासून दर रविवारी उजाडायच्या आत तिचा धाकटा भाऊ स्टीवन गाडी घेऊन दारात यायचा. दोघांच्या सायकली गाडीत मागे टाकून मेव्हणे-मेव्हणे तुंगारेश्वरच्या डोंगरात जायचे. चर्चमधली सकाळची मिस्सा बुडते म्हणून लुईझा कुरकुरायची, पण नवऱ्याची तब्येत सुधारतेय यातच तिला सुख होतं.

त्या शनिवारी ऑस्टिन कामावरून दमून आला आणि जेवून आडवा झाला. सायकल गेल्या रविवारच्या चिखलाने माखलेली तशीच उभी होती. लुईझाला त्याची माया आली. बादली आणि मऊ फडकं घेऊन ती अंगणात बसली. ब्रेकच्या चकत्यांना तेलाचा थेंबही लागता कामा नये, नाहीतर ब्रेक किंचाळतात आणि धरतही नाहीत, हे ऑस्टिननेच तिला सांगितलेलं. म्हणून तिने चकत्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून सायकल धुतली.

पिशव्या सोडल्यावर तिला चेन आठवली. दाराच्या बिजागऱ्यांना मारायचा तेलाचा स्प्रे तिने चेनवर मारला आणि वाऱ्याने तो नेमका मागच्या चकतीवर उडाला. ब्रेक दाबून तिने सायकल ढकलून पाहिली, तर अशी किंचाळली की शेजारचा कुत्रा भुंकत उठला. फडक्याने पुसायला गेली तर तेल आणखीच पसरलं. सकाळी ऑस्टिनला सांगायचं ठरवून ती झोपली.

जाग आली तेव्हा गाडी निघून गेली होती.

डोंगरातला उतार, कडेला दगड, आणि ब्रेक धरणार नाहीत! तिने ऑस्टिनला फोन लावला, स्टीवनला लावला. दोघांचेही बंद. ती घरातल्या आल्तारासमोर गुडघे टेकून बसली. ‘माझ्या हातून झालं, त्याला काही होऊ देऊ नकोस,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

ऊन वर आल्यावर ऑस्टिन शीळ घालत आला. लुईझा धावतच बाहेर गेली.

“ब्रेक कसे होते रे?”

“मख्खन! तू धुतलीस ना? अख्खा उतार आलो, एवढासुद्धा आवाज नाही.”

लुईझाने त्याच्या हातातून सायकल घेतली, मागचा ब्रेक आवळला आणि पुढे रेटली. सायकल रात्रीसारखीच किंचाळली.

“कुठे जातोस तू?”

ऑस्टिन खाली बघत पायरीवर बसला. “कामणला.”

“कामणला काय आहे?”

“गोडाऊनवाले आहेत. तुझ्या बाबांची वाडी विकत घ्यायला बघितली त्यांनी. स्टीवनने शब्द दिलाय.”

“माझी अर्धी वाडी आहे ती! मला न विचारता?”

“तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“आणि हा चिखल?”

“परत येताना ओढ्याकाठच्या चिखलात घालायचो.”

वाडी जाणार याहीपेक्षा तो चिखल तिला लागला. नवरा आणि पाठचा भाऊ ओढ्याकाठी उभे राहून, तिला फसवायला चाकांना चिखल फासत होते. कदाचित हसतही असतील.

“सकाळपासून तुझ्या जिवासाठी गुडघ्यांवर होते मी,” ती म्हणाली.

ती तशीच माहेरी गेली. स्टीवन ओट्यावर होता. “बाय, आत ये ना, समजावतो,” तो म्हणाला. ती आत गेली नाही. “माझी सही मिळणार नाही,” एवढं बजावून ती मागे फिरली.

सौदा मोडला. स्टीवनने बोलणं टाकलं. ऑस्टिनने मात्र पुष्कळदा माफी मागितली. लुईझा त्याचा डबा भरते, गोळ्यांची आठवण करते. पण तो बाहेरून आला की कुठे गेला होतास, हे ती आता विचारत नाही.