दोन धन्यांचं बेट

रियुक्यू हे छोटं बेटांचं राज्य एकाच वेळी चीनचंही मांडलिक होतं आणि जपानचंही. चीनचे दूत आले की तिथले जपानी अधिकारी लपून बसत. आमच्या संगणकावरच्या, राज्यं चालवायच्या खेळात मात्र मांडलिकाला धनी एकच. असल्या चुका काढायला स्टॉकहोमच्या आमच्या कचेरीने इतिहासाची जाणकार म्हणून इल्वाला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. जाहिरातीत ‘इतिहासाशी प्रामाणिक’ असं छापलेलं असतं, आणि चूक सापडली की जगभरातले खेळाडू त्यावरूनच चिडतात. रियुक्यू नीट बसलं तर नोकरी कायम, असं विभागप्रमुख गुनिलाने तिला सांगितलं होतं.

मी खेळ तपासायच्या कामावर आहे. दुसरा धनी जोडायला किती वेळ लागेल, हे इल्वाने माझ्यासमोरच प्रोग्रामर तूरेला विचारलं. वर्षभर, असं तो म्हणाला. प्रोग्राममध्ये धन्यासाठी रकाना एकच आहे आणि तो प्रोग्राम लिहिणारा माणूस आता गावाकडे मधमाश्या पाळतो.

शुक्रवारी तीनच्या कॉफीला विषय निघाला. आमच्याकडे निर्णय तिथेच होतात. मतदान नाही, हुकूम नाही. कोणी काही बोललं नाही की एकमत झालं. कॉफीच्या टेबलावर उघड विरोध करणं असभ्यपणाचं.

तूरे म्हणाला, "राज्याचे दोन तुकडे करू. उत्तर जपानला, दक्षिण चीनला. झाले की नाही दोन धनी?"

इल्वाने दालचिनीचा बन खाली ठेवला. ती कुणाला न दुखवणारे शब्द शोधत होती. गुनिलाने सगळ्यांवरून नजर फिरवली, चार सेकंद थांबली आणि वहीत लिहिलं: एकमताने मंजूर.

इल्वाने तिला जिन्यात गाठलं. "गुनिला, मी हो म्हटलंच नव्हतं."

"‘नाही’ तरी कुठे म्हणालीस, बाळा?"

मंगळवारी खेळाची नवी आवृत्ती बाजारात आली. बुधवारपर्यंत दोन्ही रियुक्यू एकमेकांवर तुटून पडली होती. कधीच न झालेलं हे यादवी युद्ध खेळाडूंना भलतंच आवडलं. ‘विस्मृतीत गेलेलं प्रकरण उजेडात आणलं’ म्हणून एका समीक्षकाने आमची पाठ थोपटली. तक्रार एकच आली: दक्षिण रियुक्यूच्या झेंड्यातला निळा रंग चुकलाय. नसलेल्या देशाचा तो झेंडा आम्ही दुपारच्या आत दुरुस्त केला.

मग गुनिलाने इल्वाला बोलावलं. खेळात टाकायला युद्धाबद्दल दीडशे शब्दांची ऐतिहासिक टीप हवी होती, कारणांसकट. टेबलावर नेमणुकीचं पत्र तयार होतं.

"हे युद्ध झालंच नाही," इल्वा म्हणाली.

"म्हणून तर जाणकार माणूस लागतो. झालेल्या युद्धाबद्दल तूरेही लिहील."

इल्वाने लिहिलं. वारसाहक्काचा तंटा, एक दुष्काळ, एक फितूर सेनापती. टीप माझ्याकडे तपासायला आली. मी शब्द मोजले आणि पुढे पाठवली.

सोमवारी एका खेळाडूने पुरावा मागितला. इल्वा त्या दिवसापासून कायम झाली होती. तिने कॉफी संपवली आणि सावकाश उत्तर टंकलं: सगळी कागदपत्रं याच युद्धात जळाली.