धुतलेली घोंगडी

शिवराजच्या बुटांना नाड्या फार होत्या. घोट्याच्या वर येणारे, डोंगर चढायचे महागातले बूट. घालायला पाच मिनिटं आणि काढायला तीन. आता सोलापूर जिल्ह्यात चढायला डोंगर कुठून आणायचा, असं त्याला कुणी विचारलं नाही, हे त्याचं नशीब. सोलापुरातल्या सात रस्त्यावर लहानाचा मोठा झालेला आणि पंधरा वर्षं पुण्यात नोकरी केलेला हा गडी, फाल्गुनाच्या शेवटच्या आठवड्यात गाडीत तंबू, शेगडी, घडीची खुर्ची आणि कॉफीचं भांडं घालून एकटाच निघाला होता. बायकोला म्हणाला, "मला जरा स्वतःला भेटायचंय." ती म्हणाली, "भेटा. दूध संपलंय तेवढं सांगून जा."

पहिला मुक्काम त्यानं उजनीच्या फुगवट्यावर केला. लाल पायांचे रोहित पक्षी पाहिले, शेकड्यानं फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडीत जोतीरामकडे चहाला थांबला. जोतीराम रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये; कॉलेजच्या होस्टेलवर शिवराज, अजिनाथ आणि तो एकाच खोलीत होते. शिवराजनं त्याला तासभर आपल्या तंबूचं कौतुक ऐकवलं आणि निघताना म्हणाला, "वेळापूरचं देऊळ बघतो आणि सांगोल्याकडं अजिनाथला भेटतो." जोतीरामनं त्याचा हात घट्ट धरला. "जा बाबा. भेटून ये. उशीर झाला तरी गेलेलं बरं." शिवराजला वाटलं, आठ वर्षं आपण तिकडं फिरकलो नाही, त्या उशिराबद्दल हा बोलतोय.

खरं तर हे उघड्यावर झोपायचं वेड त्याला लावलं होतं ते अजिनाथच्या वडलांनी. धुळाप्पा, सगळ्यांचे आण्णा, जातिवंत मेंढपाळ. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत शिवराज दहा दिवस त्यांच्या कळपामागं हिंडला होता. रात्री मेंढरं ज्याच्या रानात बसवायची त्याच्याच बांधावर आण्णा घोंगडी अंथरत आणि शहरातल्या या पोराला शेजारी घेत. वारा कुठून येतो, डोकं कुठं करायचं, आभाळाकडं बघत झोप कशी लागते, सगळं त्यांनीच शिकवलं. पुण्यातल्या मित्रांत शिवराज हा किस्सा दर पार्टीत रंगवून सांगायचा. आण्णांना फोन मात्र त्यानं आठ वर्षांत एकदाही केला नव्हता.

अजिनाथच्या वाडीवर तो दुपारी तीनच्या सुमारास पोचला. अजिनाथ दारातच मेंढरांना पाणी दाखवत होता.

"आलास व्हय रं!" त्यानं बादली खाली टाकली आणि गळामिठी घातली. ती जरा लांबलीच. "आई, शिवराज आलाय बग."

केराबाई बाहेर आल्या. वाळल्या होत्या. "ये लेकरा. आत ये की."

"आत नको, मावशी. हे बूट काढायचे म्हणजे खटपट. इथं कडुलिंबाखाली मस्त आहे." आणि त्यानं गाडीतली घडीची खुर्ची काढून अंगणात मांडली. दुसऱ्याच्या अंगणात स्वतःची खुर्ची! अजिनाथच्या बायकोनं, रेश्मानं, ताट बाहेर आणून दिलं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, ताक.

"मेंढरांकडं तू कसा? आण्णा कुठायत?" पहिला घास मोडताना शिवराजनं विचारलं.

अजिनाथनं तोंड उघडलं, तसा केराबाईंनी हात आडवा केला. "आदी जेवू दे त्येला. मग बोला."

ताटावर बसलेल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, त्याचा घास कडू करायचा नाही, अशी त्या घराची रीत. शिवराजला ती ठाऊक होती. होस्टेलवर अजिनाथनंच कधीतरी सांगितली होती. पण त्याचं सगळं लक्ष उन्हाकडं होतं. तलावावर पोचेपर्यंत उजेड गेला तर फोटो कसे यायचे? त्यानं भराभर चार घास खाल्ले, हात धुतले आणि उठला.

"बस की जरा," अजिनाथ म्हणाला. "बोलायचं हाय."

"फोनवर बोलू रे निवांत. अरे, ती आण्णांचीच घोंगडी ना?" उघड्या दारातून आतल्या बाजेवर काळी घडी दिसत होती. "एक रात्र दे ना. तंबूपुढं अंथरून फोटो काढतो. सकाळी आणून देतो."

रेश्मानं सासूकडं पाहिलं. अजिनाथ जमिनीकडं बघत राहिला. केराबाई मात्र स्वतः आत गेल्या. यायला जरा वेळ लागला. घोंगडी दोन्ही हातांवर आडवी घेऊन त्या आल्या.

"ने," त्या म्हणाल्या. "तुला न्हाय कसं म्हनायचं?"

वाडीपासून दोन कोसांवरच्या पाझर तलावाच्या काठी त्यानं तंबू ठोकला. पुढं घोंगडी अंथरली, तिच्यावर शेगडी, कॉफीचं भांडं आणि एका कोपऱ्याला ते बूट, अशी मांडणी केली. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी ती, ताठ आणि खरखरीत. फोटोत झकास दिसली. एका फोटोच्या गडबडीत भांडं कलंडलं आणि कॉफी सांडली. त्याचाही त्यानं फोटो काढला. मग सगळ्यांत चांगला निवडून होस्टेलच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आण्णांची घोंगडी, आण्णांचा चेला. आण्णा, आता तुम्हीच या कॉफीला!'

दिवस मावळता मावळता जोतीरामचा फोन आला.

"शिवा, काय टाकलंयस ते? काढ आधी!"

"का? काय झालं?"

"अरे, आण्णा जाऊन चार महिने झाले. तू भेटायलाच गेलास ना तिथं? म्हणून तर मी तुला..." जोतीराम थांबला. "तुला ठाऊक नव्हतं? तू तर हात जोडले होतेस ग्रुपवर."

शिवराजनं फोटो काढून टाकला. मग ग्रुपवर मागं मागं जात राहिला. वाढदिवस, विनोद, लग्नं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात अजिनाथच्या तीन ओळी सापडल्या: आमचे वडील आज पहाटे वारले, दुपारी आमच्या रानातच माती आहे, जमेल त्यांनी यावं. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. आठवे हात शिवराजचे. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' आणि त्याच दुपारी, त्याच ग्रुपवर, त्याचाच प्रश्न: दोन माणसांचा तंबू कुठल्या कंपनीचा घ्यावा? माणूस मातीत जात होता तेव्हा त्याचा हा चेला तंबू निवडत होता.

मग त्याला एकेक गोष्ट आठवायला लागली. केराबाईंच्या हातात बांगड्या नव्हत्या. कपाळ मोकळं होतं. समोर बसून जेवला, आणि त्या कपाळाकडं त्यानं पाहिलंच नाही. त्यांनी आत बोलावलं होतं; आत भिंतीवर फोटो असणार, हार घातलेला. तीन मिनिटांत बूट काढले असते तर दिसला असता. आणि ही घोंगडी! मेलेल्या माणसाचं पांघरूण त्यानं चटई म्हणून मागून आणलं होतं. आपल्याच थोबाडीत मारावी असं त्याला वाटलं. तिथं बघायला कुणी नव्हतं, तरी हात उचलवला नाही.

आता निदान ही तरी नीट परत करावी, असं त्याच्या मनानं घेतलं. कॉफीचा डाग हातभर पसरला होता. तसाच घेऊन कुठल्या तोंडानं जायचं? त्यानं भांडी घासायचा लिंबाच्या वासाचा साबण काढला, तलावाच्या काठी गुडघ्यावर बसला आणि डाग घासायला लागला. डाग निघाला, पण तेवढीच जागा वेगळी दिसू लागली, म्हणून शेजारची धुतली. मग तिच्या शेजारची. रडत होता आणि घासत होता. घोंगडी दगडासारखी जड झाली, तशी त्यानं ती ओढून ओढून खळबळली, पिळली, तंबूच्या दोरीवर टाकली. केल्या चुकीचं ओझं थोडं तरी हलकं झालं, असं त्याला वाटलं. माणूस लाजला की काहीतरी करायला बघतो, गप्प बसत नाही.

सकाळी तो वाडीवर गेला तेव्हा घोंगडी ओलीच होती. खळ निघून गेल्यानं तिचा ताठा गेला होता; हातावर घेतली की दोन्हीकडून लोंबत होती. त्यानं ती कडुलिंबाच्या बुंध्याशी ठेवली, उंबऱ्याशी बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. गाठ सुटेना. अजिनाथ समोर उभा होता. मदतीला वाकला नाही.

"अजा, मला माहीत नव्हतं रे," शिवराज म्हणाला. मग त्याला स्वतःचीच किळस आली. "नाही. माहीत होतं. वाचलं होतं मी. हातसुद्धा जोडले होते. विसरलो."

"व्हय," अजिनाथ म्हणाला. "मी बगितलं हुतं."

बूट निघाले तसा शिवराज आत गेला. फोटो होता, हारही होता. आण्णा एक डोळा बारीक करून हसत होते. शिवराज खाली वाकला आणि मग केराबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. "रडू नगंस. आलास न्हवं?"

मग त्यांची नजर बाहेर गेली. "घोंगडी?"

"आणलीय, मावशी. कॉफी सांडली होती माझ्याकडून. स्वच्छ धुतलीय."

दाराशी उभ्या रेश्मानं तोंडावर पदर धरला. केराबाई उठल्या. हळूहळू अंगणात आल्या, घोंगडीचं एक टोक उचलून त्यांनी नाकाला लावलं. थांबल्या. पुन्हा लावलं.

"लिंबाचा वास येतुया," त्या म्हणाल्या.

अजिनाथ खालच्या आवाजात शिवराजला म्हणाला, "बाकीची कापडं आमी वाटून टाकली. ही तेवढी तिनं ठिवली. चार महिनं पानी लावू दिलं न्हाय. रोज उशाला घिऊन झोपती."

केराबाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर शिवराजला बरं वाटलं असतं. त्यांनी दुसरं टोक शोधलं, वास घेतला. मग तिसरं. चौथं ओल्या लोकरीच्या जडपणानं त्यांना उचलेना, तेव्हा शिवराज अनवाणी पुढं झाला आणि त्यानं ते टोक स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडापाशी धरला. केराबाईंनी डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ घेतला. आयुष्यात कुठलंच काम शिवराजनं इतकं मन लावून केलं नव्हतं.

"समदीच धुतलीस व्हय रं?" त्यांनी विचारलं.

"व्हय मावशी," तो म्हणाला. "समदी."