सातव्या होलवरचे वरंबे

शनिवारी सकाळी सव्वादहाला बोट धक्क्याला लागली आणि लॅकलन मॅकइन्स कित्येक वर्षांनी ट्रॉस्के बेटावर उतरला. खांद्यावर गोल्फच्या काठ्यांची पिशवी होती, दुसरं सामान नव्हतं. म्हणजे संध्याकाळच्या बोटीनं परत जाणार, हे धक्क्यावरच्या सगळ्यांना कळलं. रविवार देवाचा, त्या दिवशी इथे बोट येत नाही आणि गोल्फही कोणी खेळत नाही.

त्याला घ्यायला मर्डिना मॅकफी आली होती. दोघं गावच्या शाळेत एकाच बाकावर बसलेली.

"बारीक झालास की रे," ती म्हणाली. "ग्लासगोत जेवायला देत नाहीत वाटतं?"

"देतात. पण तुझ्यासारखं दटावून वाढत नाहीत."

समुद्रालगतच्या माळाचा कारभार मर्डिनाकडे होता. माळ गावाच्या सामाईक मालकीचा, अकरा घरांचा. त्याच माळावर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मुख्य भूमीवरच्या एका उस्तादानं गोल्फचं मैदान आखलं होतं. पुढे लढाई आली, तरणी माणसं गेली, मैदान गवताखाली बुजलं, त्यावर गुरं चरली, बटाटे पिकले. गावानं ते परत शोधून काढलं, त्याला आता तीन वर्षं होत होती. परदेशातूनही लोक खेळायला यायला लागले होते. पण उन्हाळाभर गुरं माळावर राहिली तर मैदान टिकणार नव्हतं. ती उन्हाळ्यात डोंगरावर न्यायची का, हे येत्या गुरुवारच्या बैठकीत ठरायचं होतं. दहा घरांचा होकार आला होता. अकरावा वाटा लॅकलनचा.

ट्रॉस्केत माळाचा प्रश्न बहुमतानं सुटत नाही. सगळ्यांना हो म्हणावं लागतं, तेही माळावर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं. मर्डिनाचा मुलगा नील मैदानाचं गवत राखायचा. त्या कामासाठीच तो बायको आणि लेकीला घेऊन बेटावर परतला होता. लॅकलन नाही म्हणाला तर नील हिवाळ्याआधी पुन्हा सामान बांधणार, हे मर्डिनाला ठाऊक होतं.

तरी घरी नेऊन तिनं त्याला आधी मटणाचं सूप वाढलं, मग कापडात बांधून उकडलेला मनुकांचा गोड गोळा. माळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पाहुण्याच्या पोटात चार घास जायच्या आत त्याच्याकडे काही मागायचं नाही, ही गावची रीत. चहा संपला तेव्हा लॅकलनच उठला.

"चल, बघू तुमचं ते मैदान."

पहिल्या होलपाशी नील गवत कापत होता. त्यानं यंत्र बंद केलं. "काका, वारा समुद्राकडून आहे. चेंडू पाण्याच्या दिशेनं मारा, तो आपोआप आत येतो."

"मला गोल्फ शिकवतोस होय?" म्हणत लॅकलननं सरळ मारला. वाऱ्यानं चेंडू उचलला आणि थेट शेणाच्या पोवर नेऊन बसवला.

"शेणातला चेंडू उचलून बाजूला ठेवता येतो. दंड नाही," नील म्हणाला.

"आणि पुसायचा कोणी?"

"ज्याचा चेंडू त्यानं."

हसत हसत लॅकलन आणि मर्डिना पुढे निघाली. टिटव्या डोक्यावरून ओरडत गेल्या. मर्डिना खेळत नव्हती, नुसती बरोबर चालत होती. सहाव्या होलपर्यंत लॅकलन बरा बोलत होता. सातव्यावर त्यानं चेंडू मारला तो एका उंचवट्यावर आदळला आणि भलतीकडेच उडाला. लॅकलन मात्र चेंडूकडे बघत नव्हता. समोर जमिनीत एकाशेजारी एक लांब वरंबे होते, गवतानं झाकलेले. त्याच्या बापानं, ॲन्गसनं, समुद्री शेवाळ पाठीवर वाहून आणून घातलेले बटाट्याचे वरंबे.

"मला सांगितलं होतं, हे सपाट केले म्हणून."

"कोणी सांगितलं? मैदान उभं करायला आलेला माणूस म्हणत होता खरा, की सपाट करा. गाव म्हणालं, ते ॲन्गसचे आहेत. आता मोठमोठे वकील, डॉक्टर येतात आणि इथे उभं राहून तुझ्या बापाच्या नावानं बोटं मोडतात."

लॅकलन खळखळून हसला. मग वरंब्यावर बसला.

"तीन वर्षं, मर्डिना. माझ्या वाट्याच्या जमिनीवर गोल्फचे झेंडे लागले आणि तुमच्यातल्या एकानं मला विचारलं नाही."

मर्डिना चकित झाली. "फोनवर विचारायचं? माळाचं? तुझ्या बापाला तसं कोणी विचारलं असतं तर त्यानं फोन समुद्रात फेकला असता. आम्ही तू यायची वाट बघत होतो."

"आणि मी बोलावण्याची."

"शहाणी माणसं सगळी," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. "मग आता विचारते. उन्हाळ्यात गुरं हलवायला तुझी हरकत आहे?"

लॅकलननं खरी अडचण सांगितली. त्याची मुलगी कर्स्टी शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या घरात राहायला येणार होती. तिला गायी पाळायच्या होत्या. डोंगरावर दुभत्या गायींचं भागत नाही. तिला माळाचंच गवत हवं होतं.

हे ऐकल्यावर मर्डिनाचं लक्ष नीलच्या यंत्राच्या आवाजाकडे गेलं. गवत एकच होतं आणि परत येणारी पोरं दोन.

"तळ्याकाठचं माझं कुरण आहे ना," ती म्हणाली. "कुंपण घातलेलं. उन्हाळ्यात कर्स्टीच्या गायी तिथे चरू देत. मी माझ्या कमी करते."

"नीलला विचारलंस?"

"कुरण माझं आहे. तो माझा मुलगा आहे, मालक नाही."

"कुरण चांगलं आहे तुझं," लॅकलन म्हणाला. "पण तिला न विचारता मी हो म्हणालो, तर मीही तुमच्यातलाच."

त्यानं उरलेले होल खेळून पूर्ण केले, वाईटच खेळला, आणि संध्याकाळच्या बोटीनं गेला. जाताना हात हलवला, माळाबद्दल काही बोलला नाही.

सोमवारी फोन आला नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी बोटीच्या कचेरीतला ह्यूई मर्डिनाच्या दारात आला.

"उद्याच्या बोटीवर मॅकइन्स नावानं दोन जागा आहेत. आणि गुरांचा एक ट्रेलर."

"म्हणजे कर्स्टीही येतेय. ट्रेलर गायींनी भरलेला की रिकामा?"

"आम्ही ट्रेलरची लांबी विचारतो गं बाई. आत कोण आहे ते नाही."

मर्डिनानं ही बातमी, आणि कर्स्टीला देऊ केलेल्या कुरणाची गोष्टही, नीलला सांगितली. त्यानं गुरुवारी सकाळी तळ्याकाठच्या कुंपणाचे दोन मोडके खांब बदलले. आईनं त्याला तसं सांगितलं नव्हतं. बैठक संध्याकाळी सातला, सातव्या होलपाशी होती. दुपारी कचेरीतून कळलं, वारा जोराचा असूनही बोट मुख्य भूमीवरून सुटली आहे.