टाके उसवलेलं हरीण

"ते ध्यान घरात ठेवू नकोस," वहिनींनी तिला बजावलं होतं. "आणि ठेवलंसच तर निदान पोरीला त्याच्या पाठीवर बसवू नकोस. गावाला गोळी झाडायची सवय लागते गं. हाताला कुठे कळतंय समोर भुसा आहे की रक्त!"

तिने दातांनी दोरा तोडला होता आणि ती हसली होती. "वहिनी, तुम्ही पण ना! भुशाला भ्यायचं म्हणजे कमालच झाली."

वहिनी म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधल्या, साहेबांच्या पत्नी. साहेब वनखात्याचे रक्षक, चोरून शिकार करणाऱ्यांना पकडणं हे त्यांचं काम. तिचा नवरा त्यांच्या हाताखाली. दोन क्वार्टरांमधली भिंत एवढी पातळ, की इकडे कोणी शिंकलं तर तिकडून "काळजी घे गं" ऐकू यायचं.

आणि ते ध्यान म्हणजे एक हरीण. कातडं खरं, जप्त केलेल्या मालातलं. आत भुसा, डोळे काचेचे, शेपटीला बारीक दोरी. तिन्हीसांजेला ते रस्त्याकडेच्या झुडपात उभं करायचं. रस्त्याच्या एका बाजूच्या चरात साहेब बसायचे, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा दोरीचं टोक धरून. गाडीचा वेग कमी झाला की तो दोरी हळूच ओढायचा. शेपटी हलायची, हरीण जिवंत व्हायचं. काचेतून नळी बाहेर आली, बार उडाला, की साहेब शिट्टी वाजवत रस्त्याच्या मधोमध उभे. शिकारी सापडलाच, मुद्देमालासकट.

हरणाला भोक पडलं की ते तिच्या ओसरीवर यायचं. कॉलेजात तिने इतिहास घेतला होता, शिवण मात्र आईकडून शिकलेली. संसारात पदवीपेक्षा तीच कामाला येत होती. ती टाके घालायची आणि साहेब पायरीवर बसून तिला हरणाचा भूगोल शिकवायचे, कुठलं भोक कोणाच्या गोळीचं ते.

"हा कान हार्डवेअरवाल्याचा. मान दातांच्या डॉक्टरची. आणि हा मागचा पुठ्ठा शाळेच्या सेक्रेटरींचा. त्यांना पहिल्यापासून मागूनच वार करायची सवय."

पकडले जाणारे दंड भरायचे आणि चहाच्या टपरीवर त्याचीच शेखी मिरवायचे. "काय मग, भुसा शिजला का?" असं विचारलं की टपरीभर हशा. लाज होती ती साहेबांच्या वाटणीला. गावाने त्यांचं नाव 'शिट्टी' ठेवलं होतं. ते बाजारातून निघाले की कुठल्या तरी दुकानातून बारीक शिट्टी यायची. त्यांच्या जीपची हवा कोण सोडतं हे सगळ्यांना माहीत होतं आणि विचारलं की कोणालाच माहीत नसायचं.

मग एका संध्याकाळी शेपटी हलली, बार उडाला, साहेब शिट्टी वाजवत रस्त्यात आले, आणि दुसरा बार झाला.

गाडीला नंबरपाटी नव्हती. ती खडीच्या खाणीतल्या आडवाटेने निघून गेली. ती वाट इथे वाढलेल्या माणसालाच ठाऊक. तरी सकाळी गावाचं एकमत झालं होतं, "बाहेरचे होते. बाहेरचेच." इतक्या चटकन या गावाचं कधी गटारावरसुद्धा एकमत झालं नव्हतं.

बाजार बंद राहिला. चौकात साहेबांचा माणसापेक्षा मोठा फोटो लागला, खाली 'आमचा शूर रक्षक'. आमचा! वहिनींच्या दारात चपलांचा ढीग पडला. ज्यांच्या दुकानातून शिट्टी यायची ते पुसलेल्या डोळ्यांनी येत होते. खोटं रडत होते असंही नाही. हार्डवेअरवाला तर भिंतीला डोकं टेकून हमसून हमसून रडला. तिने आपल्या खिडकीतून पाहिलं आणि तिला त्याचा राग नीट करताच येईना, ह्याचाच जास्त राग आला.

तिच्या स्वतःच्या दाराशी मात्र चप्पल नव्हती. लोक तिच्या पायरीवरून जायचे, नजर सरळ पुढे. भिंत पातळ होती, म्हणून तिकडची कुजबुज इकडे जशीच्या तशी यायची.

"त्याला साधा ओरखडा नाही म्हणे."

"शेपटी हलवणारा तो. वेळ आली तशी शेपूट घातली."

"अहो, हळू बोला, पलीकडेच राहतात."

"राहू देत की. ऐकू दे."

आणि तो ऐकत होता. भिंतीकडे तोंड करून बसून राहायचा. पोरगी मांडीत येऊन बसली तर बसू द्यायचा, उतरली तर उतरू द्यायचा. उजव्या हाताची दोन बोटं मात्र सारखी चालू, आत ओढायची, सोडायची. दोरी ओढल्यासारखी. जेवतानाही. झोपेतही.

ती आधीच काळजीचं कोठार. मुलगी झाल्यापासून ती गरम भांड्यांच्या कडा, पलंगाचे कोपरे, नळाखालची बादली, सगळ्यांवर डोळा ठेवून होती. आता त्यात नवऱ्याची भर पडली. पोरीच्या हाताला लागू नये म्हणून वर ठेवलेल्या औषधाच्या गोळ्या तिने आणखी वर ठेवल्या, मग त्याचा हात किती वर पोचतो ते आठवून खाली काढल्या आणि डाळीच्या डब्यात पुरल्या. न्हाणीघराची आतली कडी तिने पक्कडीने उचकटून काढली.

"कडी कुठे गेली?" त्याने विचारलं.

"गंजली होती."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. तिला कळलं की त्याला कळलंय. "बरं," तो म्हणाला.

शोकसभेच्या आदल्या दिवशी, दुपारी, हार्डवेअरवाला हरीण घेऊन आला. पोलिसांनी त्यातली गोळी काढून, फोटो घेऊन ते परत केलं होतं. छातीत नवं भोक होतं.

"ताई, उद्या स्टेजवर साहेबांच्या फोटोशेजारी हे ठेवायचं म्हणतोय. आठवण म्हणून. तेवढं भोक बुजवून द्या. फोटोत बरं दिसत नाही."

"बरं," ती म्हणाली.

"आणि यांना म्हणावं, हरीण यांनीच उचलून आणावं. शोभेल ते. भाषणाचं नका मनावर घेऊ, वक्ते बरेच आहेत."

जाताना त्याने पोरीच्या गालाला हात लावला. "अगदी बापावर गेलीय हो," म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते उमगून घाईने पायऱ्या उतरला.

ती मागच्या दाराने वहिनींकडे गेली. वहिनी मोरीत कप विसळत होत्या. एवढ्या बायका बाहेर बसल्या होत्या आणि कप विधवाच विसळत होती.

"द्या इकडे, वहिनी."

"राहू दे. हाताला काम हवंय मला. तो जेवला का?"

आजवर हे कोणीच विचारलं नव्हतं. "दोन घास."

"अगं, हे सगळे माझ्यावर पाळत ठेवून बसलेत. मी विहिरीत उडी मारीन की काय! माझं माणूस गेलं ते एकदाच गेलं. तुझं रोज थोडं थोडं जाईल, आणि तेव्हा दारात एकही चप्पल नसेल." त्यांनी कप पालथा घातला. "साहेबांच्या गळ्यावर त्याच्या तळहातांचे ठसे होते, माहितीये? एवढं दाबून धरलं होतं त्याने. मी स्वतः पाहिलं. या लोकांना किती वेळा सांगितलं, तर म्हणतात, तुम्ही दुःखात आहात, तुम्ही बोलू नका."

ती परत आली. सुई ओवली. हरणासमोर बसली. पोरगी सवयीने पाठीवर चढायला लागली, तेव्हा तिने तिला उचलून आत नेऊन ठेवलं. मग तिने सुई बाजूला ठेवली आणि कात्री घेतली.

कान उसवला. मान उसवली. पुठ्ठा उसवला. आपलेच टाके, आपल्याच हाताचे. बारीक आणि घट्ट, कुठून घातलेत हे तिच्याखेरीज कोणाला सापडले नसते. एकेक दोरा ओढून काढला. भुसा ओसरीवर सांडत राहिला. शेवटी हरीण उभं राहिलं ते पोलीसठाण्यातून नव्हे, थेट गावाच्या हातून आल्यासारखं, अंगभर भोकं घेऊन. तिने त्यावर पांढरी चादर घातली.

"झालं का शिवून?" त्याने आतून विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

सभागृह भरलं होतं. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून लोक भिंतीला टेकून उभे होते. तो चादरीतलं हरीण खांद्यावर घेऊन मधल्या वाटेने निघाला आणि लोकांनी वाट दिली, जरा जास्तच दिली. ती पोरीला कडेवर घेऊन मागे उभी राहिली. पहिल्या रांगेत वहिनी.

सेक्रेटरींचं भाषण चालू होतं. "अशा प्रसंगी सोबत्याची परीक्षा होते. कोणाचं नाव घेत नाही. सगळ्यांनाच नियती धैर्य देते असं नाही..." माना हलल्या. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण लोकांना टाचणी नको होती, त्यांना तो हवा होता.

मग हार्डवेअरवाल्याने हार हातात घेऊन चादर ओढली.

कान लोंबत होता. मान उघडी. हारासाठी पुढे केलेले त्याचे हात तसेच राहिले. डॉक्टरांचा हात आपल्याच कॉलरकडे गेला. सेक्रेटरींनी कागद उलटा केला आणि उलटाच वाचायला घेतला. पुठ्ठ्यातून भुशाची बारीक धार स्टेजवर पडत राहिली. एक क्षण असा होता की तिला वाटलं, आता. आता कोणीतरी बोलेल.

"उंदीर," डॉक्टर म्हणाले. "उंदरांनी कुरतडलंय. पोलिसांच्या गोदामात काय, उंदीर असणारच."

"हो हो, उंदीरच."

सभागृहाने श्वास सोडला. मागे कोणीतरी खुसखुसलंसुद्धा. शोकसभेत! हार्डवेअरवाल्याने भोकं झाकली जातील अशा बेताने हार घातला.

तिचा नवरा अजून स्टेजवरच उभा होता. त्याने हरणाच्या छातीतल्या नव्या भोकावर तळहात ठेवला, एकावर एक, दोन्ही. बोटं थांबली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मी दोरी सोडली," तो म्हणाला. माइक लांब होता, पण ऐकू गेलं. "आणि साहेबांचा गळा धरला. गाडीमागे धावलो असतो तर ते रस्त्यात एकटे गेले असते. एकटे नाही गेले."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्या एकट्याच उभ्या राहिल्या.

"भावना आम्ही समजू शकतो," सेक्रेटरी माइकवर म्हणाले. "पुढचे वक्ते..."

महिन्याभरात त्याची बदली झाली. त्याच्याच भल्यासाठी, असं कागदावर होतं. जंगलातला दूरचा तपासणी नाका, एकच खोली, एकच माणूस. बायको-मुलीला जागा नाही. वहिनी आपल्या भावाकडे गेल्या. गावाने चौकाला साहेबांचं नाव दिलं, आणि खात्याने नवं हरीण मागवलं, तयार, शिवायची गरज नसलेलं. टपरीवर पुन्हा हसू येऊ लागलंय. "काय मग, भुसा शिजला का?"

ती माहेरी आहे. तिकडून त्याचा फोन कधी लागतो, कधी लागत नाही. लागला की ती विचारते, जेवलास का? तो म्हणतो, हो. मग ती ऐकत राहते, दोरीचा आवाज येतो का ते, जणू बोटं ओढली-सोडली तर फोनमधून कळणार आहे. परवापासून फोन लागलेला नाही. वहिनींचा इशारा तिने एकदा हसण्यावारी नेला होता, दुसरा नेणार नाही. पण पोरगी तापाने फणफणलीय आणि नाका एका दिवसात गाठण्यासारखा नाही.

तेव्हा तुम्ही. तुमच्याही रस्त्यावर, गाव संपतं आणि झाडं सुरू होतात तिथे, एखादा नाका असेल, आणि नाक्यावर एकटा माणूस. तोच असेल असं नाही, कोणी का असेना. नाक्याचा आडवा दांडा वर झाला की गाडी तशीच पुढे काढू नका. काच खाली करा. जेवलास का म्हणून विचारा, आणि तो हो म्हणाला तरी लगेच निघू नका. त्याच्या हाताकडे बघा.