भैरव बसला तो उंबरा

भैरव खाली बसला आणि अख्ख्या खैरखेडनं श्वास रोखला. भैरव म्हणजे श्वानबुवांचा काळा कुत्रा. गल्लीतले अकरा उंबरे नुसते हुंगून तो पुढे गेला होता. बाराव्यापाशी मात्र पुढचे पाय रोवून ताठ बसला. तो उंबरा पार्बताबाईचा होता.

"दत्तप्रभूच्या पायापाशी चार श्वान, हा पाचवा!" बुवा गरजले. "जहाँ करणी, वहाँ भैरव की बैठक! तुमची संत्री उगाच नाही गळून राहिली. या घरातून सुटली हे बला!"

गर्दीनं जयजयकार केला. परतवाड्याहून जीप भरभरून माणसं हा चमत्कार बघायला आली होती. दोन हजार सहाचा श्रावण. संत्र्याच्या आंबिया बहाराची कच्ची फळं झाडाखाली सडत पडली होती आणि दोष कुणाला द्यावा ते कळत नव्हतं. बुवांच्या अंगात देव शिरतो तो नेमका अशाच साली. बागा भरलेल्या असतात तेव्हा तो कुठे असतो, हे कुणी विचारत नाही.

गर्दीत गजेंद्र गुरुजीही हात जोडून उभा होता. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, पण तीनशे झाडं त्याचीही होती.

"पार्बताबाई, सांजेपर्यंत गाव सोड," सरपंच नत्थुजी म्हणाले. "लेकराबाळाइचं गाव हाय हे."

विधवा पार्बताबाईला मागेपुढे कुणी नव्हतं. दोन शेळ्या आणि हे एवढं घर. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं गर्दीतून नेमकं गजेंद्रकडे पाहिलं.

"गुरुजी, तुमचा टिपू बी असाच बसते ना? आइतवारी तुमी खोक्यात लवंगेच्या तेलाची चिंधी लपवता, तवा?"

खरं होतं ते. दर रविवारी गजेंद्र अंगणात बुटांची पाच रिकामी खोकी मांडायचा, एकात चिंधी दडवायचा आणि आपल्या कुत्र्याला, टिपूला, सोडायचा. टिपू हुंगत हुंगत बरोबर त्या खोक्यापाशी जाऊन बसायचा आणि भाकरीचा तुकडा मिळवायचा. निव्वळ गंमत. कुंपणापलीकडून पार्बताबाई तो खेळ पाहून पोट धरून हसायची.

सगळ्यांनी गजेंद्रकडे पाहिलं. लवंगेचा बारीक वास तर मघापासून त्याच्याही नाकात होता.

"तो खेळ हाय, पार्बताबाई," तो म्हणाला. "हे येगळं."

पार्बताबाईनं मान खाली घातली आणि शेळ्या सोडायला ती आत गेली.

गजेंद्र घरी आला तो तोंड लपवतच. आपण असं का बोललो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बागेत पाणी तुंबलंय, मुळं कुजतायत, हे महिनाभर डोळ्यांना दिसत असून चर खणायचा आळस त्यानंच केला होता. करणी निघाली असती तर तो आळस झाकला गेला असता. आणि दुसरी गोष्ट तर याहून वाईट. आदल्या दिवशी बुवांचा चेला त्याच्याच ओसरीवर चहा पीत बसला होता. "गावात एकटं-दुकटं कोण रायते, गुरुजी?" असं त्यानं सहज विचारलं आणि गजेंद्रनं आपल्या तोंडानं पार्बताबाईचं नाव सांगितलं. मग आज सकाळी चेला भिक्षेला निघाला. प्रत्येक उंबऱ्याला हात लावून नमस्कार करायचा. विधवेच्या उंबऱ्यापुढेही वाकतो, केवढा देवमाणूस, म्हणून गावानं त्याचं कौतुक केलं होतं.

गजेंद्रला स्वतःची किळस आली. त्यानं लवंगेच्या तेलाची बाटली खिशात टाकली, टिपूची दोरी धरली आणि तो परत गेला.

टिपू त्याच गल्लीतून हुंगत निघाला आणि त्याच बाराव्या उंबऱ्यापाशी बसला.

"पाहा! गुरुजीचा कुत्रा बी तेच सांगून राहिला!" गर्दी ओरडली.

"थांबा जरा," गजेंद्र म्हणाला. त्यानं बाटली उघडून नत्थुजींच्या नाकाशी धरली. "आता खाली वाका अन् उंबरा हुंगून पाहा."

नत्थुजी कुरकुरत वाकले. "अरे, हे तं दाढ दुखल्यावर लावतो तेच तेल!"

मग दोन्ही कुत्री गोठ्याआड न्यायला लावून गजेंद्रनं सगळ्यांच्या देखत एक थेंब गल्लीत मांडलेल्या बुवांच्या बसायच्या पाटाला लावला.

"अधर्म! भैरव भ्रष्ट होईन!" बुवा किंचाळले.

पण नत्थुजींनी चेल्याच्या हातून दोरी हिसकावली आणि भैरवला पाटाच्या बाजूनं सोडलं. भैरव थेट पाटाशी आला, ताठ बसला आणि शेपूट हलवत खोबऱ्याच्या तुकड्यासाठी चेल्याकडे बघू लागला.

"काहून बुवा, करणी तुमच्याच बुडाखाली निघाली का?" कुणीतरी म्हणालं आणि गल्ली हसली. नत्थुजींनी चेल्याचा उजवा तळवा हुंगला, तिथंही तोच वास. मग चेल्यानं सगळंच ओकलं. हव्या त्या उंबऱ्यापाशी आलं की गुपचूप तळव्याला तेल लावायचं आणि मग नमस्कार करायचा. त्या वासापाशी बसलं की खोबरं मिळतं, एवढंच कुत्र्याला शिकवलेलं. बिचारा भैरव सगळ्यांत प्रामाणिक निघाला.

बुवा जीपमध्ये शिरले. गर्दी पांगली. "मी तं पयलेच म्हनलं होतं," असं म्हणत जो तो घरी गेला.

गजेंद्र पार्बताबाईचा उंबरा धुवायला बसला. तिनं शेळ्या परत बांधल्या आणि त्याच्या हातातून लोटा काढून घेतला.

"राहू द्या. गावाले ठाव नव्हतं, गुरुजी. तुमाले ठाव होतं."

तो उठला आणि टिपूला घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात सगळी हकिगत सांगितली, चहाच्या पेल्यासकट. "चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, हे कसं झालं? करून पाहा, पुन्हा करून पाहा. अन् उत्तर माहीत असेल तर त्याच जागी, त्याच घडीला बोला. पार्बताबाईनं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, मुलांनो. मला उत्तर माहीत होतं, आणि मी खोटं बोललो."